समुद्राजवळील कलामंदिर आणि पाहण्याची विद्या

वाचावयास शिकण्यात शाळेची कित्येक वर्षे जातात. लिहिणे आणि हिशेब करणे यांनाही वर्षे लागतात. पाहणे मात्र डोळ्यांबरोबर जन्मतःच येते, असे आपण धरून चालतो. या समजुतीची परीक्षा घ्यावयाची असेल तर एखाद्या शिकल्यासवरल्या गृहस्थास आधुनिक चित्रासमोर उभे करावे. अर्ध्या मिनिटात तो म्हणेल, "असले तर आमचा बाळूसुद्धा काढील," आणि पुढे चालू लागेल. आपण ते चित्र पाहिलेच नाही, असे कोणी म्हटल्यास त्यास राग येईल. कारण त्याचे डोळे तर उघडे होते. डोळे उघडे असणे आणि पाहणे यांतील हे अंतर थोडे तरी कमी व्हावे, या हेतूने आम्ही गोरेगावाहून इयत्ता नववीच्या मुलामुलींस घेऊन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयास गेलो. त्या निमित्ताने जे शिकविले व जे मुलांकडून शिकलो, ते येथे पाठाच्या रूपाने मांडीत आहो.

सहलीची सूचना घरोघरी गेल्यावर दोघा-तिघा पालकांनी आम्हांस विचारले, की पुढील वर्षी शालान्त परीक्षा असता चित्रे पाहण्यात एक सबंध दिवस का घालवावा? प्रश्न रास्त आहे, व तो टाळून जाणे शिक्षकास शोभणारे नाही. त्याचे उत्तर या लेखाच्या ओघात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. वाटेवरचा पाठ

निघण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत एका शब्दात लिहावयाचे होते, की समुद्राच्या पाण्याचा रंग कोणता. जवळजवळ सर्वांनी "निळा" असे लिहिले. मग गोरेगावापासून चर्चगेटपर्यंत आगगाडीतून जेथे जेथे पाणी दिसेल तेथे त्याचा रंग टिपून ठेवण्यास आम्ही सांगितले. वांद्रे व माहीम यांच्यामध्ये गाडी खाडी ओलांडते; तेथे कोणी "काळसर" लिहिले, कोणी "शेवाळी". चर्नी रोड सोडल्यावर उजव्या हातास क्षणभर समुद्र डोकावतो; तेथे "राखी", "कथलासारखा", "चहात दूध जास्त झाल्यासारखा" असे शब्द आले. सकाळी "निळा" लिहिलेल्या एकाही मुलास त्या दिवशी निळे पाणी आढळले नाही.

याचे कारण साधे आहे. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात खाड्यांचा गाळ मिसळलेला असतो, भरती-ओहोटी तो सारखा ढवळीत असते, आणि वरून आकाशाचा जो रंग असेल त्याची छाया पाण्यावर पडते. पण मुलांच्या वहीत "निळा" हा शब्द समुद्रावरून आलेला नव्हता. तो रंगपेटीतून व छापील चित्रांतून आला होता. आपण बहुधा वस्तू पाहत नाही, वस्तूचे नाव पाहतो. नाव आठवले, की डोळा काम थांबवितो. आधुनिक चित्रकाराचा पहिला झगडा या सवयीशीच आहे, ही गोष्ट मुलांनी चित्र पाहण्यापूर्वी आगगाडीतच अनुभवली.

गोरेगावास समुद्र नाही, असे आमचे विद्यार्थी म्हणतात. तेही नावाचेच पाहणे होय. आपल्या पश्चिमेस कांदळवनात शिरलेली मालाडची खाडी आहे आणि तिच्यात दिवसातून दोनदा समुद्राचे पाणी चढते व उतरते. पूर्वेस १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीच्या परिसरात वारली पाडे आहेत. टोकास टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, ही त्या लोकांच्या चित्रांची भाषा मुलांना वह्यांच्या वेष्टनांवरून ठाऊक असते. "माणूस असा दिसतो का?" असे वारली चित्रास कोणी विचारीत नाही. तोच न्याय संग्रहालयातील चित्रास द्यावा, एवढीच आमची मागणी होती.

२. वास्तू

संग्रहालयाची इमारत म्हणजे पूर्वीचा सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल होय. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून तो १९११ साली बांधला गेला. वास्तुशिल्पज्ञ जॉर्ज विटेट. समोरचे जुने प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि १९२४ साली पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया, ही दोन्ही कामेही त्याचीच. जाहीर सभा व गाण्याच्या मैफली यांसाठी हा हॉल प्रसिद्ध होता. पुढे त्याची रया गेली. नंतर आतील रचना पालटून १९९६ साली तेथे राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय सुरू झाले. दिल्लीचे मूळ संग्रहालय १९५४ सालचे. बाहेरून जुना दगडी दिमाख, आत एकावर एक चढत जाणारी दालने, आणि शेवटी घुमट, अशी या वास्तूची मांडणी आहे. तेथील प्रदर्शने बदलत असतात. म्हणून अमुक एक चित्र भेटेलच, असे धरून कोणी जाऊ नये. पाहण्याची रीत बरोबर न्यावी; ती कोणत्याही चित्रास लागू पडते.

अपोलो बंदराचे पाणी तेथून चालत काही मिनिटांवर आहे. पण आत उभे असता समुद्राचा भास देखील होत नाही. हे असे का, याचा विचार पुढे येईल.

३. चित्र बदलले का?

पुष्कळांस वाटते, की पूर्वीच्या चित्रकारांस हुबेहूब काढता येत असे व आजच्यांस येत नाही. मुंबईपुरते तरी हे खरे नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत हुबेहूब काढण्याचे शिक्षण कसोशीने दिले जाई, आणि रावबहादूर म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्यासारखे त्यात पारंगत झालेले चित्रकार त्याच शाळेने दिले. पुढे ज्यांनी ती वाट सोडली त्यांपैकी कित्येक याच शाळेत शिकले होते. तेव्हा सोडली ती वाट येत नव्हती म्हणून नव्हे.

खरे कारण युरोपात शोधावे लागते. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली. चेहरा, इमारत, देखावा यांची नोंद ठेवण्याचे काम यंत्र करू लागले. १८४१ साली धातूच्या नळीत रंग भरून ठेवण्याची युक्ती निघाली, आणि रंग खलीत खोलीत बसण्याचे बंधन सुटून चित्रकारास उघड्या हवेत जाणे सोपे झाले. १८७२ साली क्लोद मोने या चित्रकाराने फ्रान्समधील ल हाव्र बंदरातील पहाट रंगविली. धुके, दोन होड्या, एक नारिंगी सूर्य, व पाण्यात त्याचे तुटके प्रतिबिंब. चित्रास त्याने सूर्योदयाचा "ठसा" असे नाव दिले. १८७४ साली ते पॅरिसमध्ये मांडले गेले, तेव्हा एका टीकाकाराने त्या नावाची टिंगल केली. आणि त्या टिंगलीतूनच एका सबंध संप्रदायाचे नाव रूढ झाले. आधुनिक चित्रकलेच्या प्रारंभीचे हे प्रख्यात चित्र असे एका बंदरावर जन्मले. ससून गोदीवर अगर भाऊच्या धक्क्यावर पहाटे गेलेल्या मुंबईकरास त्यात काहीही परके वाटू नये.

४. ते लोक कोण होते?

मुंबईत ही चळवळ जोमाने उभी राहिली ती १९४७ साली, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपच्या रूपाने. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे असे सहा जण. १९४९ साली त्यांचे पहिले प्रदर्शन मुंबईत भरले. त्यांची चरित्रे आम्ही मुद्दाम वर्गात सांगितली. कारण कला हा सुखवस्तूंचा छंद आहे, असे आमच्या मुलांस वाटते.

कृष्णाजी हौळाजी आरा हे १९१४ साली सिकंदराबादेजवळ बोलारम येथे जन्मले. लहानपणी घर सोडून मुंबईस आले. लोकांकडे घरकाम करीत, मोटारी धूत त्यांनी चित्रे काढली. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगवासही भोगला. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे; सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून त्यांनी पोट भरले. चित्रनगरीच्या गावी राहणाऱ्या गोरेगावकर मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावे. गाडे हे अमरावती जिल्ह्यातले. मूर्तिकार सदानंद बाकरे विलायतेत पुष्कळ वर्षे काढून १९७५ साली परतले, ते रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड-हर्णैच्या किनाऱ्यावर अखेरपर्यंत राहिले.

सय्यद हैदर रझा यांची गोष्ट आम्हां शिक्षकांनी विसरू नये. मध्य प्रांतातील एका खेड्याच्या शाळेत हा मुलगा अत्यंत चंचल होता. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला व त्याकडे पाहत बसण्यास सांगितले. पुढे पॅरिसमध्ये कीर्ती मिळविल्यावर रझांच्या चित्रांत एक मोठा काळा वर्तुळाकार "बिंदू" पुनःपुन्हा येऊ लागला, आणि तो त्या भिंतीवरचा ठिपका होय असे ते स्वतः सांगत. खेड्यातील गुरुजीने दिलेली एका ठिपक्याची शिकवण अर्ध्या शतकाने फळास आली.

फ्रान्सिस न्यूटन सूझा हे गोव्यातील साळगावचे, १९२४ साली ख्रिस्ती घरात जन्मलेले. १९५९ सालचे त्यांचे क्रूसारोहणाचे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्याची छापील प्रत पाहून आमच्या एका विद्यार्थिनीने नापसंती दाखविली. कारण आमच्या घरांतील भिंतींवर ख्रिस्ताची मुद्रा शांत व सुंदर असते, आणि येथे काळ्या, काटेरी रेषांनी केवळ यातना उभी केली आहे. आम्ही तिला यशयाच्या ग्रंथातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचे वर्णन काढून वाचावयास सांगितले. त्यात सौंदर्याचा मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, चित्र अजूनही आवडत नाही, पण ते खोटे आहे असे आता म्हणवत नाही." आवड आणि निर्णय यांत भेद करता येणे हे शिक्षणाचे मोठे फळ होय.

५. ज्यात "काही नाही" असे चित्र

सर्वांत कठीण परीक्षा वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांची. मूळ घराणे गोव्याचे, जन्म १९२४ साली नागपुरास, शिक्षण जे. जे. कलाशाळेत, मृत्यू २००१ साली. त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. एका रंगाचे थर, त्यांत तरंगणाऱ्या अस्पष्ट खुणा, आणि कोठे कोठे क्षितिजासारखी एखादी आडवी रेषा. मुंबईत वॉर्डन रोडवर समुद्राच्या काठी असलेल्या भुलाभाई देसाई संस्थेत ते काही वर्षे काम करीत, आणि तेथे समुद्राकडे पाहत फार वेळ स्वस्थ बसून असत, असे त्यांचे सोबती सांगत. ते फार थोडी चित्रे काढीत. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले.

वर्गात ही माहिती देताना आम्ही सांगितले, की गायतोंडे कुंचल्याऐवजी पुष्कळदा रोलरने रंग पसरीत व सुरीने तो खरवडून काढीत. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, रोलर आमच्या घरी आहे. बाबा भिंती रंगवितात." तोवर वडिलांच्या धंद्याचा विषय निघाला की तो मुलगा गप्प बसत असे. संग्रहालयात त्याने चित्रांकडे समोरून पाहिले नाही; अंतर राखून तो बाजूस उभा राहिला आणि तिरप्या नजरेने पृष्ठभाग पाहू लागला. कोठे रंगाचे किती हात दिले असावेत, कोणता हात ओला असतानाच दुसरा दिला, हे तो भोवतालच्या मुलांस समजावून सांगू लागला. पहिला हात नीट वाळू न देता दुसरा दिल्यास भिंतीचा रंग सोलपटतो; मग येथे तो कसा टिकला, हा त्याचा प्रश्न होता. आम्हांस त्याचे उत्तर देता आले नाही, पण प्रश्न अस्सल चित्रपरीक्षकाचा होता. त्या दिवशी त्याच्या वडिलांची विद्या वर्गात प्रतिष्ठेने उभी राहिली. शालान्त परीक्षेच्या वर्षापूर्वी एक दिवस का घालवावा, या प्रश्नाचे आमचे अर्धे उत्तर हे आहे.

६. भिंत की काच?

आता समुद्राकडे वळू. डेन्मार्क देशात कोपनहेगनच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरांवर हुम्लेबेक या गावी, ओरेसुंद नावाच्या सामुद्रधुनीच्या काठी, लुइझियाना नावाचे आधुनिक कलेचे संग्रहालय १९५८ साली उघडले. स्थापक क्नूद येन्सेन हे चीजचे व्यापारी होते. त्यांनी जुना बंगला व बाग विकत घेतली; बंगल्याच्या मूळ मालकाच्या तिन्ही पत्न्यांचे नाव लुईझ होते, त्यावरून पडलेले नाव त्यांनी तसेच ठेवले. यॉर्गन बो व विल्हेल्म वोलर्ट या वास्तुशिल्पज्ञांनी ठेंगणी दालने बांधून ती काचेच्या बोळांनी जोडली. चार चित्रे पाहिली की एक झाड, एक हिरवळ अगर पाण्याचा पट्टा दिसतो, पुन्हा चित्रे. बागेत हेन्री मूर व काल्डर यांची शिल्पे उघड्या समुद्राच्या पार्श्वभूमीवर उभी आहेत. पाहून थकलेला डोळा निसर्गावर विसावतो, आणि विसावलेला डोळा पुन्हा चित्राकडे ताजा होऊन जातो, हे त्या रचनेचे मर्म होय.

मग मुंबईत समुद्र इतका जवळ असता त्यास भिंतीआड का ठेवले? याचे एक कारण पदार्थविज्ञानात आहे. प्रकाशाने रंग फिके पडतात. म्हणून जलरंगातील व कागदावरील चित्रांवर साधारणपणे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत, व तैलचित्रांवर २०० लक्सच्या आत ठेवतात. भर दुपारचे ऊन कित्येक हजार लक्सांचे असते. समुद्राच्या वाऱ्यातील क्षार धातूस खातात. पावसाळ्यातील दमटपणाने कॅनव्हास सैल पडतो व कागदास बुरशी येते. ज्या निसर्गापासून चित्रकार शिकतो, त्याच निसर्गापासून त्याचे चित्र जपावे लागते. लुइझियानात देखील काचेचे बोळ आहेत ते मुख्यतः चालावयाचे. नाजूक कागद उन्हात टांगलेले नाहीत.

आम्हांस काचेचे बोळ नाहीत, पण पाय आहेत. संग्रहालयातून निघून आम्ही प्रथम अपोलो बंदरास गेलो. तेथील पाणी बंदराचे. पलीकडे घारापुरीचे बेट व डोंगर येतात, म्हणून मोकळे क्षितिज मिळत नाही. तेथून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसलो. अर्धा तास कोणी बोलावयाचे नाही, खिशातील फोन काढावयाचा नाही, आणि केवळ आडव्या रेषांनी समुद्र काढावयाचा, असा नियम होता.

तेथे भूमितीही आली. क्षितिज नेहमी आपल्या डोळ्याच्या पातळीस दिसते. खाली बसावे तर तेही खाली येते, उभे राहावे तर वर चढते. डोळा पाण्यापासून ५ मीटर उंच असेल तर क्षितिज सुमारे ८ किलोमीटरांवर असते. उंची चौपट, म्हणजे २० मीटर केली, तर अंतर दुप्पट, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर होते. वर्गमुळाचा हा नियम फळ्यावर सांगूनही ज्यांच्या गळी उतरला नव्हता, त्यांनी तो कठड्यावर उठबस करून स्वीकारला. पण खरा लाभ निराळाच झाला. रेषा काढता काढता मुलांच्या ध्यानात आले, की समुद्र एका रंगाचा नाही. त्यात थर आहेत, मधूनच उजेडाचे डाग आहेत, आणि आकाश व पाणी कोठे मिळतात ते नक्की सांगता येत नाही. "यात काही नाही" असे ज्या चित्रांस सकाळी म्हटले होते, त्यांची आठवण न सांगता निघाली.

७. तात्पर्य व अभ्यास

पालकांच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर आता देता येते. ज्यास पाहता येते त्यास प्रयोगशाळेतील निरीक्षण, भूगोलाचा नकाशा व कवितेतील प्रतिमा, तिन्ही सोपी जातात. याहून मोठी गोष्ट अशी, की माणूस जे पाहतो तेच जपतो. आपल्या खाडीस "नाला" व कांदळवनास "झुडपे" म्हणून जो पुढे जातो, तो त्यांवर भराव पडला तरी हळहळणार नाही. कारण ती त्याच्या लेखी कधी नव्हतीच. चित्रकलेचा तास गणितास देऊन टाकण्यापूर्वी आपण शिक्षकांनीही हा विचार करावा.

संग्रहालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आमची रीत अशी:

(१) सर्व चित्रे पाहण्याचा हव्यास धरू नये. सर्व दालनांतून एकदा चालून तीन चित्रे निवडावी व प्रत्येकापुढे दहा मिनिटे उभे राहावे.

(२) भिंतीवरील नावाची पाटी शेवटी वाचावी. प्रथम विचारावे, "येथे प्रत्यक्ष काय काय आहे?" अर्थ न लावता रेषा, आकार व रंग यांची यादी करावी.

(३) नंतर विचारावे, "हे कसे केले असेल?" हात न लावता जवळून, दुरून व बाजूने पाहावे.

(४) अखेरीस विचारावे, "मला काय वाटते, व चित्रातील कोणत्या गोष्टीमुळे?" या दुसऱ्या भागाचे उत्तर देता येत नसेल तर पहिला भाग खोडून टाकावा.

(५) घरी आल्यावर आपल्या खिडकीतून दिसणारा एकच देखावा सात दिवस, एकाच वेळी, केवळ रंगांच्या पट्ट्यांनी काढावा. दोन पट्ट्या सारख्या आल्या तर त्या दिवशी नीट पाहिले नाही, असे समजून दुसरी पुन्हा काढावी.

ज्या मुलांनी हा पाचवा अभ्यास पुरा केला, त्यांच्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेविल्या आहेत. त्यांपैकी चार वह्यांत गोरेगावची खाडी आहे, आणि कोठेही ती निळी नाही.